प्रभाचं एक निदान

भूपालचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घरामागच्या नळाला पाइप जोडत होते. भूपाल म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, प्रभाचा, धाकटा भाऊ. तो मला सहसा फोन करत नसे. काही निरोप असला तर तो प्रभामार्फत यायचा. त्यामुळे त्याचं नाव दिसल्यावर मला वाटलं, कवठे महांकाळला त्यानं पुन्हा केळीची रोपं करायला घेतलीत, त्यातलंच काही विचारायचं असेल. मी उत्साहानं म्हटलंही, “काय भूपाल, रोपं कशी आहेत?” तो म्हणाला, “रोपं चांगली हायत ताई. अक्का गेली.” विचारलेल्या प्रश्नाचं आधी उत्तर द्यायचं, ही त्या घराची शिस्त. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला निघताना चप्पल घालायला म्हणून प्रभा पायरीवर बसली आणि बसल्या जागीच गेली. शेजारच्या बाईंना वाटलं, उन्हाला बसल्यात.

आता या गोष्टीला काही आठवडे झाले. प्रभावर चार शब्द लिहा असं तिच्या कॉलेजातल्या मंडळींनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा तिची शिस्त, तिचे विद्यार्थी, तिची साधी राहणी असं काहीतरी असणार. ते सगळं खरंच आहे. पण मला तिच्याबद्दल सांगायचं आहे ते वेगळंच. तिनं आयुष्यात केलेलं एक निदान, आणि त्याचं पुढं काय झालं ते. ती असती तर म्हणाली असती, लिहायचंच असेल तर तेवढंच लिही.

आमची गाठ कोल्हापूरला हॉस्टेलवर पडली. मी साताऱ्याकडची, फौजेतल्या सुभेदाराची मुलगी, आवाज मोठा. ती माधवनगरच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, बुटकी, जाड चष्म्याची, हळू बोलणारी. दोघींनी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं. सुट्टीत मी तिच्या घरी जायचे. संध्याकाळी दिवा लागायच्या आत जेवणं उरकलेली असायची. तिची आई ताट वाढता वाढता अगदी सहज विचारायची, “आज किती जीव मारलेस गं?” त्यात टोमणा नव्हता. कामावरून आलेल्या माणसाला कामाचं विचारावं, तसं ती विचारायची. प्रभाही तितक्याच शांतपणे म्हणायची, “मोजता येत नाहीत आई.” कुजवणारे जीवाणू ओळखायची एक जुनी रीत आहे, बटाट्याच्या चकतीवर त्यांना सोडायचं आणि चकती विरघळते का पाहायचं. ज्या घरात बटाटा कधी आला नाही, त्या घरातली ही मुलगी प्रयोगशाळेत मन लावून बटाटे कुजवत बसलेली असायची, आणि आम्ही तिला हसायचो.

पुढं मी साताऱ्यात शिकवायला लागले, ती सांगलीत. तिनं लग्न केलं नाही. माधवनगरच्या घरात ती, भूपाल, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी असे राहायचे. भूपालला शेतीची आवड, पण वाट्याला आलेलं रान थोडं. तेव्हा आपल्याकडं उतीसंवर्धित केळी नव्यानं येत होती. बाटलीत वाढवलेली बोटभर रोपं आणायची, जाळीच्या सावलीत पिशव्यांत लावून ती उन्हावाऱ्याला सरावाची करायची आणि मग शेतकऱ्यांना द्यायची, असा हा धंदा. तो कर, असं भूपालला सांगितलं प्रभानंच. मातीत काय मिसळायचं, पाण्याचा हौद कसा धुवायचा, हे सगळं तिनं त्याला शिकवलं. बंद पडलेल्या गिरणीच्या पलीकडं त्यांची रोपवाटिका उभी राहिली आणि बघता बघता नावारूपाला आली. मुनव्यांपेक्षा, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या कोंबांपेक्षा, एकसारखी बाग येते म्हणून नदीकाठच्या गावांतून लोक यायचे. भूपाल प्रत्येक पिशवी स्वतः हातात घेऊन गाडीत ठेवायचा. “पोरगी सासरी पाठवतोय का रं?” असं लोक त्याला चिडवायचे.

मग वीसेक वर्षांपूर्वी तो उन्हाळा आला. लय ऊन होतं. नव्यानं लावलेल्या बागा पहिल्या काही पाण्यांतच बसायला लागल्या. पानं पिवळी पडायची, मधला पोंगा, न उलगडलेलं पान, कोमेजायचा आणि बुंध्याला नुसता हात लावला तरी रोप जमिनीलगत मोडून पडायचं. खाली गड्डा तपकिरी, पाणचट झालेला, आणि त्याला अशी घाण की हात धुतला तरी वास जात नसे. एक दिवस हणमंत तात्या म्हणून एक मोठे बागायतदार आले आणि असल्या कुजक्या रोपांनी भरलेलं पोतं त्यांनी प्रभाच्या अंगणात उपडं केलं. “ह्ये बगा. तुमच्याकडनं लाडानं नेली हुती. बगा काय झालंय त्यांचं.” मागं आणखी चार-पाच गावची माणसं उभी. ज्यांच्या बागा गेल्या होत्या त्या सगळ्यांनी रोपं भूपालकडूनच घेतलेली. भूपाल त्या ढिगाकडं बघत उभा राहिला. मग सगळ्यांदेखत म्हणाला, “अक्का, तू तपास. तू जे सांगशील ते मला मान्य हाय.” आणि हणमंत तात्याही म्हणाले, “चालतंय. बाई खोटं बोलायच्या न्हाईत.”

मी तिला त्याच आठवड्यात सांगितलं होतं, की तू यात पडू नकोस, नमुने दुसऱ्या कुणाकडं तरी पाठव. ती म्हणाली, “दुसऱ्यांनी तपासलं आणि निकाल भूपालच्या बाजूनं लागला, तर लोक म्हणतील बहिणीच्या ओळखीनं झालं. मी केलं तर निदान माझ्यापाशी तरी खरं राहील.” 

तिचं काम मी जाऊन पाहिलं होतं. कुजलेला आणि निरोगी भाग जिथं भेटतो तिथली बारीक चकती कापायची, ती स्वच्छ पाण्यात सोडायची. चकतीतून दुधासारखा धागा पाण्यात उतरायला लागला की समजायचं, जीवाणू आहेत. मग त्या पाण्याचा ठिपका बशीतल्या खाद्यावर ओढायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या गुळगुळीत थरावर खळगे पडायचे; तो जीवाणू आपल्या पायाखालचं खाद्यच विरघळवत पुढं सरकतो. प्रभा ती बशी उजेडात तिरकी धरून मला दाखवायची. तिला त्यात सौंदर्य दिसायचं. वेगवेगळ्या बागांतून तिनं जीवाणू वेगळे काढले, रोपवाटिकेच्या हौदातल्या पाण्यातूनही काढले. त्या बागा ज्या ओढ्याच्या पाण्यावर होत्या, त्या ओढ्याचंही पाणी तिनं आणून ठेवलं होतं. तपासण्या सुरू झाल्या. बागांमधला जीवाणू आणि हौदातला जीवाणू, दोघांनी बटाटा सारखाच कुजवला. एकेका कसोटीला दोघांनी सारखीच उत्तरं दिली. पुस्तकाप्रमाणं दोघांचं नाव एकच निघालं.

पण नाव जुळलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं आमच्या शास्त्रात नसतं. तो जीवाणू निरोगी रोपात टोचायचा, ते रोप तस्संच आजारी पडतं का ते पाहायचं, आणि त्यातून तोच जीवाणू परत काढून दाखवायचा, तेव्हा कुठं म्हणायचं की हाच तो. बागांतल्या जीवाणूचं हे सगळं तिनं केलं होतं. हौदातल्याचं अर्धंच झालं होतं, टोचलेली रोपं अजून उभी होती. ओढ्याच्या पाण्याला तर हात लागला नव्हता. आणि तेवढ्यात गावच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी बैठक ठरवली. पुढची लागवड करायची होती, लोकांना उत्तर हवं होतं. प्रभा थांबा म्हणू शकली असती. लोक चिडले असते, पण थांबले असते. ती थांबली नाही. भरल्या हॉलमध्ये उभी राहून तिनं सांगितलं, “जो जीवाणू तुमच्या बागेत आहे, तोच रोपवाटिकेच्या हौदात आहे.” त्यापुढं ती म्हणाली, अजून काही तपासण्या व्हायच्या आहेत. पण ते वाक्य कुणी ऐकलं नाही. आवाज झाला तो पहिल्या वाक्यावरच.

नंतर कितीतरी वर्षांनी ती मला, तिच्या सुनीला, म्हणाली, “सुने, दुसऱ्या कुणाची रोपवाटिका असती ना, तर मी थांबले असते.” भाऊ आहे म्हणून सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये, याच भीतीनं तिनं घाई केली. परक्या माणसाला तिनं जो वेळ दिला असता, तो भावाला दिला नाही.

भूपाल एक शब्द उलट बोलला नाही. जाळ्या उतरवल्या, हौद फोडला, ज्यांच्या बागा गेल्या त्यांना जमेल तशी भरपाई दिली. आणि बायको-मुलीला घेऊन तो सासुरवाडीच्या जमिनीवर, कवठे महांकाळकडं निघून गेला. तिथं पाणी कमी. डाळिंब, थोडी द्राक्षं असं काही काही करत राहिला. भाऊबीजेला तो दर वर्षी माधवनगरला यायचा. ओवाळून घ्यायचा, तिला साडी द्यायचा, आणि पाणी पिऊन परत जायचा. जेवायला म्हणून कधी बसला नाही. पर्युषण संपलं की त्यांच्यात एकमेकांना क्षमा मागतात. तो फोन करून “अक्का, उत्तम क्षमा” एवढंच म्हणायचा, ती पण तेवढंच म्हणायची. प्रभानं त्याचा अर्थ लावला होता, की त्याचा राग अजून गेलेला नाही. “त्याचं बरोबर आहे,” ती म्हणायची. “पण मला जे दिसलं ते मी सांगितलं.” त्या बैठकीनंतर टोचलेल्या रोपांकडं तिनं पुन्हा बघितलं नव्हतं. ओढ्याच्या पाण्यातले जीवाणू तिनं वेगळे काढले, पण तपासले नाहीत; ते आणि जुने जीवाणू बारीक नळ्यांत गोठवून ठेवले, नीट चिठ्ठ्या लावून, आणि कॉलेजच्या फ्रीजमध्ये एका कोपऱ्यात सरकवून दिले.

तिच्या निवृत्तीनंतरची गोष्ट. पुण्यात संशोधन करणाऱ्या तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला केळीच्या कंदकुजीचे जुने नमुने हवे होते. प्रभानं ते आनंदानं दिले. बागांतले, हौदातले, आणि ओढ्याच्या पाण्यातून मागाहून काढून ठेवलेले. आता जीवाणू ओळखायला बटाटा लागत नाही, त्याची जनुकंच वाचतात. काही महिन्यांनी त्या मुलीचा फोन आला. मला प्रभाचा फोन आला तो त्यानंतर लगेच. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाटलं ती आजारी आहे. “सुने... नावं दोन आहेत गं.” मधल्या काळात शास्त्रानंच त्या एका नावाचे तुकडे करून वेगवेगळी नावं केली होती, ते आम्हाला दोघींनाही माहीत होतं. पण ते आपल्या फ्रीजमधल्या नळ्यांना लावून पाहावं, हे काही सुचलं नव्हतं. हौदातला जीवाणू वेगळा निघाला. बागांतला वेगळा, आणि तो ओढ्यातल्याशी तंतोतंत जुळत होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणाची तरी जुनी बाग मोडली होती, तिथले कुजके गड्डे पाण्यात टाकले होते, हे तेव्हा कानावर आलेलं तिला आता आठवलं. ज्या ज्या बागा गेल्या, त्या सगळ्यांनी तेच पाणी उचललं होतं. भूपालची रोपं निर्दोष होती.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन माधवनगरला गेले आणि आम्ही दोघी कवठे महांकाळला निघालो.  मिरज मागं पडलं, हिरवळ विरळ होत गेली. भूपाल डाळिंबाच्या छाटणीवर होता. केस पिकलेले, अंगानं वाळलेला. त्यानं आम्हाला झाडाखाली बसवलं. प्रभानं सगळं सांगितलं, विद्यार्थ्यांना सांगावं तसं एकेक पायरीनं, आणि शेवटी म्हणाली, “भूपाल, चूक माझी होती. तुझा काही दोष नव्हता. इतकी वर्षं तू माझ्यावर रागावलास ते बरोबरच होतं.”

 भूपाल म्हणाला, “मी कवा रागावलो गं?”

“तू घरात जेवला नाहीस कधी...”

“अक्का, तू सांगितलंस म्हणून मला खरंच वाटलं. लोकांचं मी मानलं नसतं. तुझं मानलं.” तो हातातली कात्री उगाच उघडत मिटत होता. “मी लोकांच्या बागा कुजवल्या, असंच धरून चाललो आजपत्तूर. रस्त्यात तिकडचं कोण भेटलं तर मी वाट बदलायचो. तुझ्या घरात बसून जेवावं असं तोंडच न्हवतं मला. तू मला शिकवलंस, आणि मी हौद नीट धुतला न्हाई, असं वाटायचं.”

मी प्रभाला रडताना फारसं पाहिलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही.  राग समजून ती ज्याच्याकडं पाहत होती, ती लाज होती, आणि ती तिनंच त्याच्या डोक्यावर ठेवली होती. राग असता तर त्यानं कधीतरी भांडण तरी काढलं असतं, आणि भांडणात नमुने पुन्हा बाहेर आले असते.

त्यानंतर तिनं एक काम अंगावर घेतलं. त्या बैठकीला जे होते, त्यांच्या दारात जाऊन सांगायचं. कित्येक जण आता नव्हते, काहींच्या मुलांना ती भानगडच ठाऊक नव्हती. “कोण भूपाल?” असं विचारणारेही भेटले. ती तरी सांगायची. हणमंत तात्यांकडं मी तिच्याबरोबर होते. ते ओसरीत खाटेवर, एका कानानं ऐकू कमी.

“आवं बाई, आता त्ये कोण इचारतंय?” ते म्हणाले. “केळी सोडून लय वर्सं झाली, आता समदा ऊस. कशाला जिवाला तरास करून घ्येता?”

“कुणी विचारलं नाही तात्या. मी सांगायला आलेय. तुमची रोपं पाण्यानं कुजली. भूपालच्या हौदानं नाही.”

तात्यांनी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग बराच वेळ पायाची बोटं चोळत बसले. “मी त्येला बाजारात अडवून बोललो हुतो,” ते म्हणाले. “त्येची पोर संगं हुती. हाताला धरून हुती त्येच्या.” सून चहा घेऊन आली. आम्ही निघालो तेव्हा ते म्हणाले, “जाईन एकदा भूपाळकडं. जाईन.” गाडीत बसल्यावर प्रभा म्हणाली, “जाणार नाहीत. आणि का जावं त्यांनी? मी सांगितलं म्हणूनच तर ते बोलले होते.”

भूपालनं मात्र त्या पावसाळ्यानंतर विहिरीजवळ चार खांब रोवून जाळी ताणली. बाटलीतली थोडी रोपं आणली. प्रभाला त्यानं सांगितलंही नाही. त्याच्या मुलीनं सांगितलं. ती लगेच गेली नाही. म्हणाली, पहिली खेप बाहेर पडू दे, मग जाते, आत्ता गेले तर त्याला वाटेल अक्का तपासायला आली. इतक्या वर्षांनी तिला घाई न करण्याची इतकी काळजी वाटत होती... आणि ती खेप निघायच्या आतच ती गेली.

तात्या आले. दुखवट्याला आले, नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून. माधवनगरच्या घरात भूपालसमोर बसले आणि मोठ्यांदा, जसे ते नेहमी बोलतात तसे म्हणाले, “भूपाळ, गड्या, चार गुंठं केळी लावीन म्हणतोय. नातवाला आवड हाय. रोपं देशील का?”  भूपालनं मान हलवली. नंतर आत पाणी प्यायला आला तेव्हा मला म्हणाला, “अक्कानं ह्ये ऐकायला पायजे हुतं.”  

परवा भूपालचा निरोप आला म्हणून मी पुन्हा माधवनगरला गेले. घराच्या कडेला प्रभाची एक छोटी खोली आहे. निवृत्तीनंतर तिनं तिथं आपलं सामान मांडलं होतं: एक टेबल, बशा निर्जंतुक करायला मोठा प्रेशर कुकर, आणि तिचा स्वतःचा मायक्रोस्कोप. भूपालनं ओल्या पोत्यात गुंडाळून काही रोपं आणली होती आणि बाटलीत त्याच्या टाकीतलं पाणी. तात्यांच्या नातवाला द्यायची रोपं होती ती. “अक्का असती तर तिनंच बगितलं असतं. तुमी बगता का?” मी एक मूळ कापलं, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवलं आणि तिच्या स्टुलावर बसले. स्टूल उंच केलेलं, माझे गुडघे टेबलाला लागत होते. डोळे लावले तर डावीकडचं सगळं धूसर. तिचा डावा डोळा फार अधू होता, त्या बाजूच्या भिंगाची कडी तिनं आपल्या डोळ्याप्रमाणं फिरवून ठेवलेली. जराशी फिरवली असती तर मला लख्ख दिसलं असतं. माझा हात तिथपर्यंत गेलाही. पण एकदा हलवली की ती नेमकी कुठं होती हे पुन्हा कुणाला सापडणार नव्हतं. मी हात मागं घेतला.

“काय दिसतंय ताई?” दारातून भूपालनं विचारलं.

“दूध काही उतरत नाहीये. पण एवढ्यावरून सांगता येणार नाही. बशीत वाढवून बघायला हवं, मग रोपात. वेळ लागेल.”

“थांबू की,” तो म्हणाला, आणि उंबऱ्याशी बसला.

मी डावा डोळा मिटला आणि पुन्हा वाकले.